कुंपणाच्या आतली जावा

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

गणपतीत कोकणात जाणाऱ्या गाड्यांचे आरक्षण ज्या दिवशी उघडते, त्या दिवशी सकाळी आठ वाजता मुंबईतल्या असंख्य घरांत एकच उद्योग चाललेला असतो. कोणी संगणकापुढे बसलेले, कोणी मोबाइल हातात धरून, कोणी पहाटेपासून खिडकीच्या रांगेत. समजा, कोकणकन्येचा शेवटचा एक बर्थ उरला आहे. माहुलच्या वसाहतीतल्या एका घरातून त्यावर बोट पडले आणि नेमके त्याच क्षणी बोरिवलीतूनही कोणीतरी बटण दाबले. आता पलीकडच्या संगणकाने काय करायचे? बर्थ रिकामा आहे का हे पाहायचे, त्यावर नाव घालायचे, पैसे घ्यायचे आणि पीएनआर क्रमांक द्यायचा. कामे चारच. पण दोघांची कामे एकमेकांत मिसळली तर एका बर्थवर दोन नावे पडतील. पैसे घेतल्यावर आणि नाव घालण्याच्या आधी वीज गेली तर पैसे गेले, बर्थ नाही. कुडाळला उतरून घरी मूर्ती येण्याआधी पोहोचायचे आहे त्या माणसाला हा तांत्रिक प्रश्न वाटत नाही, आणि वाटूही नये.

हे उदाहरण मी मुद्दाम घेतले, कारण ते सगळ्यांच्या ओळखीचे आहे. रेल्वेची संगणकीय आरक्षण यंत्रणा १९८५-८६ साली दिल्लीत सुरू झाली, म्हणजे जावा ही भाषा जन्माला येण्याच्या कितीतरी आधी. त्यामुळे ती मुळात जावात लिहिलेली असण्याचा प्रश्नच नव्हता. पण बँक, विमा कंपनी, टेलिफोन कंपनी, वीज मंडळ, जिथे म्हणून हजारो माणसे एकाच वेळी एकाच हिशेबाला हात घालतात, तिथे प्रश्न हाच असतो. अशा मोठ्या कारभाराच्या प्रोग्रॅमना 'एंटरप्राइज' म्हणण्याची पद्धत पडली. मराठीत 'उद्योग' म्हटले तर अर्थ भलतीकडे जातो, म्हणून मीही एंटरप्राइजच म्हणतो.

जावा सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९९५ मध्ये बाहेर आणली. पुढच्या दोन-तीन वर्षांत एक गमतीची गोष्ट लक्षात येऊ लागली. बँकेचा प्रोग्रॅम लिहिणारा आणि विम्याचा प्रोग्रॅम लिहिणारा, दोघांचेही बरेचसे श्रम बँक किंवा विम्यावर खर्च होतच नव्हते. ते खर्च होत होते ते माणूस खरा आहे का हे तपासण्यावर, हजार जण आले तर त्यांना सांभाळण्यावर, अर्धवट राहिलेला व्यवहार मागे घेण्यावर, दुसऱ्या संगणकाशी बोलण्यावर. म्हणजे घर बांधायला घेतलेला प्रत्येक जण आधी स्वतःची जलवाहिनी टाकत होता आणि स्वतःचे वीजकेंद्र उभारत होता. मग असे ठरले की हे सामाईक काम एकदाच, जाणत्या लोकांनी करून ठेवावे आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने आपल्या धंद्याचे काम तेवढे सुट्या भागांत लिहावे. या सुट्या भागाला म्हणतात कॉम्पोनंट. आयबीएमने १९९७ मध्ये या दिशेने काम सुरू केले, सनने ते उचलले आणि १९९८ मध्ये 'एंटरप्राइज जावाबीन्स' या नावाने पहिली नियमावली जाहीर झाली. जावा म्हणजे कॉफी, तेव्हा तिचे सुटे भाग म्हणजे कॉफीच्या बिया, बीन्स. या नावात यापेक्षा खोल अर्थ शोधू नये.

मी काही वर्षे चेंबूरला संध्याकाळचे जावाचे वर्ग घेत असे. माहुलगाव, वाशीनाका, गव्हाणपाडा इकडची बरीच मुले त्यात असत. बीन आणि तिला सांभाळणारा 'कंटेनर' हे प्रकरण आले की वर्गाच्या चेहऱ्यावर शांतता पसरे. पुस्तकातली व्याख्या पाठ होई, पण डोक्यात काही जाई असे वाटत नसे. एकदा माहुलच्याच एका मुलाने ती कोंडी फोडली. त्याचे वडील ठेकेदाराकडे वेल्डर होते आणि रिफायनरीत कामाला जात. तो म्हणाला, "सर, म्हणजे बाबा बीन आणि रिफायनरी कंटेनर." मी त्यानंतर दुसरे उदाहरण कधी वापरले नाही.

माहुलची रिफायनरी ज्यांनी बाहेरून पाहिली आहे त्यांना ते उंच कुंपण आणि गेट आठवेल. बर्मा-शेलने ती १९५५ मध्ये सुरू केली, १९७६ मध्ये ती सरकारच्या ताब्यात आली आणि पुढे भारत पेट्रोलियमची झाली. अशा कारखान्यात वेल्डर सरळ आत जाऊन वेल्डिंग करू शकत नाही. आधी गेटपास. काडेपेटी, लायटर, मोबाइल गेटवर जमा. आत गेल्यावर ठिणगी उडेल अशा प्रत्येक कामाला वेगळा परवाना, ज्याला 'हॉट वर्क परमिट' म्हणतात. जवळपास वायू नाही ना हे तपासले जाते, आग विझवण्याची तयारी ठेवली जाते, आणि मग वेल्डर काम सुरू करतो. या साऱ्यात वेल्डरने स्वतः काय केले? फक्त वेल्डिंग. पहारा, तपासणी, अग्निशमन, हजेरी, उपाहारगृह, सारे कारखान्याचे.

बीनचे अगदी असेच असते. 'बर्थवर नाव घाल' एवढेच काम करणारा जावाचा छोटा तुकडा म्हणजे बीन. तो ज्या आवारात राहतो तो कंटेनर, आणि कंटेनर ज्या मोठ्या प्रोग्रॅमच्या पोटात असतो तो ॲप्लिकेशन सर्व्हर. वेबलॉजिक, वेबस्फिअर, जेबॉस ही त्यातली गाजलेली नावे. बाहेरचा कोणीही बीनला थेट हाक मारू शकत नाही. हाक आधी गेटवर जाते. तिथे कंटेनर विचारतो, हा कोण, याला हे काम सांगण्याचा अधिकार आहे का? मग व्यवहाराची वही उघडतो, एक मोकळी बीन शोधतो, काम तिच्याकडे देतो आणि उत्तर घेऊन परत गेटवर येतो. बोलावणाऱ्याला वाटते आपण बीनशीच बोललो. प्रत्यक्षात तो गेटवरच्या माणसाशी बोललेला असतो.

आणि काडेपेटी गेटवर ठेवण्याचा नियमही इथे आहे. बीनने स्वतःचा थ्रेड, म्हणजे कामाची स्वतंत्र समांतर धार, सुरू करायची नाही. मनाला येईल तशा फायली उघडायच्या नाहीत. नवशिक्यांना हे फार जाचक वाटते. पण कोणती बीन कधी जागी करायची, कधी झोपवायची, एका संगणकावरून दुसऱ्यावर कधी हलवायची हे कंटेनर ठरवतो. बीनने आत गुपचूप चूल पेटवली असेल तर त्याचा हिशेब चुकतो.

बीन्सचे प्रकार पुस्तकात मोठ्या थाटात सांगितलेले असतात, ते इथे थोडक्यात सांगतो. पहिली स्टेटलेस, म्हणजे मागचे काही लक्षात न ठेवणारी. ठेकेदाराला सांगितले की एक वेल्डर पाठवा. कालचाच यावा असा आग्रह नाही. कंटेनर अशा वीस-पंचवीस बीन्सचा ताफा तयार ठेवतो आणि त्यांच्यावर शेकडो जणांची कामे निभावतो, कारण प्रत्येकीचे काम क्षणात संपते. एका वेळी एक बीन एकाच गिऱ्हाइकाचे काम करते, याची काळजीही कंटेनरच घेतो. दुसरी स्टेटफुल. ही एका गिऱ्हाइकाला बांधलेली असते. तुम्ही प्रवाशांची नावे, वये भरत बसलेले असता तोवर ती ते लक्षात ठेवते. उठून चहा टाकायला गेलात तर कंटेनर तिला डिस्कवर ठेवून जागा मोकळी करतो, आणि फारच उशीर केलात तर विसरून जातो. परत आल्यावर 'सेशन एक्स्पायर्ड' दिसते तेव्हा असेच काहीसे झालेले असते. तिसरी निरोपावर चालणारी बीन. गॅस सिलिंडरची नोंदणी आपण फोनवर करतो, क्रमांक मिळतो, फोन ठेवतो. सिलिंडर नंतर येतो. आपला निरोप एका रांगेत पडलेला असतो आणि तो उचलून पुढचे काम करणारा कोणीतरी मागे असतो. ती ही बीन. तोवर आपल्याला ताटकळत ठेवण्याचे कारण नसते.

आता मुख्य गोष्ट, व्यवहार. इंग्रजीतला ट्रान्झॅक्शन हा शब्द आता मराठीच झाला आहे. संगणकाच्या भाषेत त्याचा अर्थ कडक आहे: ठरलेली सगळी कामे पूर्ण झाली पाहिजेत, नाहीतर एकही झाले नाही असे झाले पाहिजे. मधली अवस्था नाही. बीनचे काम सुरू होताना कंटेनर व्यवहार उघडतो. बीनने बर्थवर नाव घातले, पैशांची नोंद केली, की कंटेनर डेटाबेसला सांगतो, आता पक्के कर. मध्ये काही बिनसले तर सांगतो, सगळे पुसून टाक. माहुल आणि बोरिवली यांची टक्कर इथे सुटते. ज्याचा व्यवहार आधी त्या बर्थच्या नोंदीपाशी पोहोचला त्याच्यासाठी डेटाबेस ती नोंद कुलूपबंद करतो. दुसऱ्याला काही क्षण थांबावे लागते आणि कुलूप उघडल्यावर त्याला बर्थ भरलेला दिसतो. तो चिडेल, पण त्याच्या हातात खोटे तिकीट पडणार नाही.

दोन वेगळे डेटाबेस असतील तर गोष्ट लग्नासारखी होते. कंटेनर आधी एकाला विचारतो, तयार? मग दुसऱ्याला विचारतो, तयार? दोघांचे 'हो' आल्यावरच अक्षता. त्या आधी कोणीही मागे फिरू शकतो, नंतर नाही. याला टू-फेज कमिट म्हणतात आणि ते वेळखाऊ असते. लग्नेही असतातच.

प्रत्येक कामासाठी व्यवहाराचा नियम वेगळा सांगता येतो, आणि यातच या पद्धतीची खरी हुशारी आहे असे मला वाटते. नेहमीचा नियम 'रिक्वायर्ड': आधीच व्यवहार चालू असेल तर त्यात सामील हो, नसेल तर नवा उघड. दुसरा 'रिक्वायर्स न्यू': काहीही असो, स्वतःचा वेगळा व्यवहार उघड. हा कशाला हवा? गेटवरची वही आठवा. वेल्डर आत गेला, वायूचा वास आला म्हणून काम रद्द झाले, तो परत आला. काम झाले नाही म्हणून वहीतली त्याच्या येण्याची नोंद कोणी खोडत नाही. तसेच कोणी कोणत्या खात्यातून पैसे काढण्याचा प्रयत्न केला ही नोंद, मूळ व्यवहार पुसला गेला तरी, राहिलीच पाहिजे. उद्या चौकशी झाली तर तीच लागते. हे सगळे प्रोग्रॅमच्या मजकुरात न लिहिता बाजूला दोन शब्दांत लिहून ठेवायचे आणि पाळायचे कंटेनरने.

मात्र इथे एक खड्डा आहे, आणि मुलाखतीला जाणाऱ्या प्रत्येक मुलाला मी तो दाखवत असे. काम बिघडण्याचे दोन प्रकार असतात. यंत्रणाच कोसळली, डेटाबेस सापडेना, अशा वेळी कंटेनर आपण होऊन व्यवहार मागे घेतो. पण 'बर्थ शिल्लक नाही' किंवा 'खात्यात पुरेसे पैसे नाहीत' हा यंत्रणेचा बिघाड नाही. धंद्यातली नेहमीची अडचण आहे. जावात ती एक्सेप्शन म्हणून वर कळवतात, आणि अशा वेळी कंटेनर व्यवहार आपोआप मागे घेत नाही! तो समजतो की प्रोग्रॅमरला ही अडचण अपेक्षित होती आणि पुढचे तो पाहून घेईल. प्रोग्रॅमरने आधी पैसे वळते करून मग बर्थ तपासला, बर्थ नाही असे कळवले आणि 'हे सारे मागे घे' हे वेगळे सांगितले नाही, तर पैसे वळते झालेले तसेच पक्के होतात. काम झाले नाही हे सांगणे निराळे आणि काम उलटवा हे सांगणे निराळे. ही एक ओळ राहून जाते आणि चाचणीत सापडतही नाही, कारण चाचणी घेणाऱ्याच्या खात्यात नेहमी पैसे असतात आणि त्याच्या गाडीत नेहमी बर्थ असतो.

तरीही तुम्ही म्हणाल, इतकी काळजी घेऊनही आमचे पैसे कापले जातात आणि तिकीट येत नाही, ते कसे? कारण व्यवहाराची हद्द कुंपणापर्यंत असते. तिकीट देणारी यंत्रणा एकीकडे, तुमची बँक दुसरीकडे, मध्ये पैसे पोहोचवणारी तिसरीच संस्था. एक बँक आपल्या डेटाबेसची किल्ली दुसऱ्याच्या कंटेनरच्या हाती देणार नाही, आणि कोणाची तरी वाट पाहत आपली नोंद कुलूपबंद करून ठेवणारही नाही. म्हणून संस्थांच्या मध्ये एकसंध व्यवहार नसतो. तिथे निरोप जातात-येतात, आणि निरोप हरवला तर नंतर दोन्हीकडच्या वह्या ताडून पैसे परत केले जातात. कंटेनर कितीही चांगला असला तरी हे त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. इथे नियमच लागतो. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये तो केला. कार्डाने ऑनलाइन खरेदी करताना खात्यातून पैसे गेले आणि विकणाऱ्याकडे ते पोहोचल्याचे कळले नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांच्या आत ते आपोआप परत आले पाहिजेत. उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई. एटीएममधून नोटा न येता खात्यातून पैसे गेले तरी मुदत आणि भरपाई हीच. ही भरपाई तक्रार न करताही मिळायला हवी असे त्यात म्हटले आहे. माझ्या माहितीतल्या बहुतेकांना हे ठाऊक नसते.

एवढे चांगले असूनही एंटरप्राइज बीन्स पुढे फार बदनाम झाल्या, हेही सांगायला हवे. सुरुवातीच्या आवृत्त्यांत एक साधी बीन लिहायची तर चार-चार गोष्टी कराव्या लागत. खुद्द बीन, तिला बोलावण्याचा इंटरफेस, तिला जन्माला घालण्याचा 'होम' इंटरफेस आणि वर एक्सएमएलमधले लांबलचक वर्णनपत्र. दोन मिनिटांच्या वेल्डिंगला अर्ध्या दिवसाची कागदपत्रे. त्यात भर म्हणजे एंटिटी बीन्स. डेटाबेसमधली प्रत्येक नोंद एक बीन, आणि तिचा एकेक रकाना वाचायलाही गेटवरून हाक. शंभर प्रवाशांची यादी काढायला घेतली की यंत्रणा धापा टाकू लागे. २००१ च्या दुसऱ्या आवृत्तीने थोडा आराम दिला, पण राग गेला नाही.

तो राग २००२ मध्ये रॉड जॉन्सन यांनी पुस्तकरूपाने मांडला. त्यांचे म्हणणे असे की व्यवहार सांभाळणे, सुरक्षा या सेवा हव्यात. त्यासाठी एवढा अवजड कारखाना कशाला? साध्या जावाच्या वस्तूभोवतीही हे कुंपण घालता येते. त्या पुस्तकातल्या प्रोग्रॅममधून 'स्प्रिंग' तयार झाले आणि २००४ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली. तिकडे गॅव्हिन किंग यांच्या 'हायबरनेट'ने डेटाबेसच्या नोंदी सांभाळण्याची हलकी रीत दाखवली. नियमावली करणाऱ्यांनी मग शहाणपणा केला: विरोधकांचे बरेचसे म्हणणेच स्वीकारले. २००६ च्या तिसऱ्या आवृत्तीत बीन म्हणजे एक साधा वर्ग आणि त्याच्या डोक्यावर 'स्टेटलेस' असा एका शब्दाचा शिक्का. होम इंटरफेस गेला, एक्सएमएलची सक्ती गेली, एंटिटी बीन्सची जागा हायबरनेटच्या वळणाच्या पद्धतीने घेतली. ज्यांनी आधीचे दिवस पाहिले होते त्यांना हे पाहून हसावे की रडावे कळेना.

आता 'कंटेनर' शब्दाचा एक घोटाळा. आजच्या मुलांना कंटेनर म्हटले की डॉकर आठवतो. तो २०१३ मध्ये आला आणि त्याचा अर्थ वेगळा आहे. डॉकरचा कंटेनर म्हणजे खाडीपलीकडे न्हावा-शेवाला जहाजावर चढते ती लोखंडी पेटी. आत काय आहे याच्याशी क्रेनला कर्तव्य नाही, पेटी जशीच्या तशी उचलून कुठेही ठेवता येते. बीनचा कंटेनर म्हणजे माहुलचा कारखाना. तो आतल्या कामगाराला ओळखतो, त्याला परवाना देतो, त्याच्यावर लक्ष ठेवतो. हल्ली हा अख्खा कारखानाच त्या पेटीत भरून पाठवतात, त्यामुळे एकाच वाक्यात दोन्ही कंटेनर येतात आणि ऐकणारा गोंधळतो.

नवे काम सुरू करणारा आज बहुधा स्प्रिंग बूट किंवा क्वार्कससारखे काहीतरी घेतो. एंटरप्राइज बीन्सपासून सुरुवात करणारे कमी. पण स्प्रिंगमध्येही व्यवहाराचे नियम तेच, 'रिक्वायर्ड' आणि 'रिक्वायर्स न्यू' ही नावेही तीच, आणि वर सांगितलेला खड्डासुद्धा जवळजवळ त्याच जागी आहे. म्हणून मुलांना मी सांगतो की नाव बदलले म्हणून धडा गाळू नका. शिवाय बँका आणि विमा कंपन्यांमध्ये वीस वर्षांपूर्वी लिहिलेल्या बीन्स अजून काम करत आहेत. चालत्या गाडीचे चाक कोणी उगाच बदलत नाही.

कधीकधी बदलावे लागते ते दुसऱ्याच कारणाने. ओरॅकलने २०१० मध्ये सन विकत घेतली आणि जावा त्यांच्याकडे गेली. २०१७ मध्ये एंटरप्राइज जावाची जबाबदारी एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवायचे ठरले. पण 'जावा' हे नाव ओरॅकलच्या मालकीचे, म्हणून २०१८ मध्ये नवे नाव आले, जकार्ता ईई. जावा बेटावरचेच शहर, तेव्हा फार लांब गेले नाहीत. पुढे २०२० च्या डिसेंबरात नवव्या आवृत्तीत प्रोग्रॅमच्या आतली नावेही बदलली: जिथे जिथे या भागासाठी 'जावाएक्स' असे लिहिले होते तिथे 'जकार्ता' लिहायचे. काम तेच, बीन तीच, नियम तेच, फक्त प्रत्येक फाइलच्या डोक्यावरच्या ओळी नव्या. माझे काही जुने विद्यार्थी सध्या हेच करत आहेत. शब्द बदलायला यंत्र आहे, ते तासाभरात होते. मग प्रत्येक व्यवहार पुन्हा तपासायचा, बर्थ नसताना काय होते तेही, आणि त्याला महिने लागतात.